हिरडीखालचे पाच मिलिमीटर

मशेरी करायला फारसं काही लागत नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, गार झाली की हाताने चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. उरणच्या करंजापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत, रायगडच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ही डबी सापडते. पहाटे मासळीची पाटी घेऊन निघणारी बाई आधी बोटभर मशेरी दातांना लावते, मग चूळ भरते, मग चहा घेते. घरातले याला दात घासणंच म्हणतात. पण दात घासायला दिवसातून चार-पाच वेळा कोणी बसत नाही, आणि एक वेळ चुकली म्हणून कोणाचं डोकंही दुखत नाही. मशेरीचं तसं होतं, कारण ती तंबाखू आहे.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. ती बंदी सर्वोच्च न्यायालयातही टिकली. मात्र घरच्या तव्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. त्याच सुमारास, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, प्रकाश गुप्ता यांच्या पुढाकाराने मुंबईत ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ माणसांची घरोघर जाऊन पाहणी झाली. तिच्यात ५७.५ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यांत अगदी थोड्या. बाकीच्यांची तंबाखू धुराशिवायची, आणि त्यात मशेरी सगळ्यांत पुढे. अलीकडच्या, म्हणजे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरत होते. ओढणारे होते ३.८ टक्के. महाराष्ट्राची तंबाखू प्रामुख्याने तोंडात धरायची आहे, आणि तिचं पहिलं ओझं हिरडीवर पडतं.

या किनाऱ्यावर हिरड्यांच्या आजाराची गोष्ट मशेरीपासूनच सुरू करावी लागते, कारण मशेरी हा आजार दोन बाजूंनी झाकते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आजारी हिरडीतूनही रक्त कमी येतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे अनेक अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. दुसरं म्हणजे ठणकणाऱ्या जागी मशेरी चोळली की घटकाभर बधिरपणा येतो आणि बाईला वाटतं, औषध लागू पडलं. हिरडीतून येणारं रक्त ही खरं तर इशाऱ्याची पहिली घंटा असते. तीच वाजली नाही तर माणूस दवाखान्यात पोचतो तो दात हलायला लागल्यावर. तोवर दाताभोवतीचं बरंच हाड गेलेलं असतं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

हा आजार होतो तरी कसा? निरोगी दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल अशी बारीक खाच असते. दातावर जंतूंचा चिकट थर रोजच्या रोज बसतो. तो ब्रशने निघून गेला नाही तर लाळेतल्या क्षारांनी टणक होतो. हेच किटण. किटण खरबरीत असतं, म्हणून त्यावर नवा थर आणखी सहज बसतो आणि हळूहळू हिरडीखाली उतरतो. शरीर त्याच्याशी झुंजायला जातं. हिरडी सुजते, लाल होते, आणि या झुंजीतच दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटत जातात. खाच खोल होते. चार मिलिमीटर, सहा, आठ. दंतवैद्य हिला पॉकेट म्हणतात आणि आजाराला पेरिओडोन्टायटिस. गावात सगळे पायरिया म्हणतात. यात बराच काळ दुखत नाही, हीच त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांचा तीव्र आजार जगातल्या शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे. १५ वर्षांवरच्या माणसांत १९ टक्के. भारतात २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटातल्या ८९.६ टक्के लोकांच्या हिरड्यांत काही ना काही दोष होता. नुसतं रक्त आणि किटणही या आकड्यात धरलेलं आहे, म्हणजे दहातल्या नऊ जणांचे दात पडणार असा त्याचा अर्थ नाही. पण अमुक वयात हिरडीतून रक्त यायचंच, असं जे आपल्याकडे सर्रास धरून चाललं जातं, ते का, हे या आकड्यावरून कळतं.

तसं धरून चालणं चूक आहे, हे साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही. हिरडीची सूज दातावरच्या थराने येते आणि थर गेला की जाते, हे इतक्या साधेपणाने त्याआधी कोणी दाखवलं नव्हतं.

याच ल्यो यांचं दुसरं काम आपल्याला अधिक जवळचं आहे, कारण ते श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांवर झालं. १९७० पासून पंधरा वर्षं ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या ठरावीक अंतराने मोजल्या गेल्या. हे लोक ब्रश वापरत नसत आणि दंतवैद्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. दात साऱ्यांचेच किटणाने भरलेले, तरी आजार साऱ्यांचा सारखा वाढला नाही. सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने पुढे गेला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. वयाच्या पंचेचाळिशीला झपाट्याच्या गटात दाताभोवतीचा आधार सरासरी १३ मिलिमीटर तुटलेला होता, मध्यम गटात ७. एकाच मळ्यातली, एकच अन्न खाणारी माणसं! कोणाच्या शरीराने जंतूंना दाद दिली नाही, तर कोणाच्या शरीराने लढता लढता स्वतःचंच हाड झिजवलं.

म्हणूनच आमच्या आजीने आयुष्यभर राखुंडी लावली आणि दात ऐंशीपर्यंत टिकले, हे उदाहरण खरं असूनही काही सिद्ध करत नाही. आजी कदाचित त्या ११ टक्क्यांतली असेल. नातू कोणत्या गटात आहे हे आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी हिरडीची खोली मोजावी लागते. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळुवार उतरवायची आणि आकडे लिहून घ्यायचे. बत्तीस दात असतील तर १९२ आकडे होतात. याला वेळ लागतो आणि गर्दीच्या दवाखान्यात तो मिळत नाही. पण हे आकडे नसतील तर उपचार अंदाजाने होतो, आणि पुढे तो लागू पडला की नाही हेही कोणाला सांगता येत नाही. हिरड्यांसाठी दवाखान्यात गेलेल्याने हा तक्ता मागून घ्यावा.

आता उपचाराकडे येऊ. हिरडी न कापता आजार बरा करायचा, ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत दंतमुळाचे पंधरा आजार सांगितले आहेत. दातांवरच्या शर्करेसाठी, म्हणजे किटणासाठी, दंतशंकू नावाचं शस्त्र आहे, आणि दातांच्या मुळांना इजा न करता ते काढावं अशी वैद्याला ताकीद आहे. कोर्दोव्याचा अल-झहरावी हा शल्यवैद्य साधारण एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याने किटण खरवडायच्या चौदा हत्यारांची चित्रं काढून ठेवली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज हिरड्या कापण्याच्या चालीविरुद्ध उभे राहिले. दाताच्या मुळावरचं किटण नीट खरवडून काढलं तर हिरडी आपली आपण घट्ट बसते, असं ते सांगत आणि करूनही दाखवत. पायरियाला अमेरिकेत कित्येक वर्षं रिग्जचा आजारच म्हणत. डिसेंबर १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि वेदनाशामक भुलीच्या इतिहासात नाव कोरलं. ती दाढ काढणारा हात याच रिग्ज यांचा होता.

विसाव्या शतकात मात्र पारडं शस्त्रक्रियेकडे झुकलं. हिरडी चिरून उलटायची, मुळं उघड्यावर स्वच्छ करायची, हाड घासून आकारात आणायचं आणि टाके घालायचे, म्हणजे फ्लॅप सर्जरी. तिच्यामागे तर्क होता. जे दिसत नाही ते साफ कसं करणार? तो तर्क नुसता कागदावरचा नव्हता. नॉर्वेचे येन्स वेरहाउग यांनी १९७८ मध्ये स्वच्छ केलेले आणि नंतर काढलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पॉकेट तीन मिलिमीटरहून कमी असेल तिथे हिरडीखालचा थर ८३ टक्के जागी पूर्ण निघाला होता. तीन ते पाच मिलिमीटरला हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं, आणि पाच मिलिमीटरच्या पलीकडे फक्त ११ टक्क्यांवर.

हे आकडे वाचून कोणीही शस्त्रक्रियेच्या बाजूने गेलं असतं. पण तीनच वर्षांनी स्वीडनमधल्या माल्मोच्या आनिता बाडेर्स्टेन आणि सहकाऱ्यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. त्यांनी हिरडी चिरली नाही. हाताची हत्यारं किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र वापरून मुळं स्वच्छ केली, रुग्णांना घासायला नीट शिकवलं आणि महिनोनमहिने मोजमापं घेतली. पॉकेट कमी झाली, रक्त थांबलं. १९८४ च्या पुढच्या अभ्यासात बारा मिलिमीटरपर्यंत खोल पॉकेट होती. तीही सुधारली. हाताच्या हत्याराने साफ केलेल्या आणि यंत्राने साफ केलेल्या जागांत फरक पडला नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडल्यानेही जास्तीचा फायदा झाला नाही. काम विशेषज्ञाने केलं की प्रशिक्षित डेंटल हायजिनिस्टने, यानेही निकाल फारसा हलला नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. हे सगळे दात पुढचे आणि उपदाढा होते. मोठ्या दाढा त्यांत नव्हत्या.

वेरहाउग म्हणतात थर मागे राहतो, आणि माल्मोचे लोक म्हणतात आजार बरा होतो. दोन्ही खरं कसं? शरीराला शंभर टक्के सफाई लागत नाही, हे त्याचं उत्तर. जंतूंचं ओझं एका मर्यादेखाली गेलं आणि वरून रोज नवा थर उतरणं थांबलं, की सूज ओसरते. हिरडी आक्रसून दाताला बिलगते. पॉकेटचा तोंडाकडचा भाग आकुंचन पावतो, तळाकडे पेशींचा लांबट थर मुळाला चिकटतो आणि खाच बंद होते. यात हाड परत येत नाही, पण उरलेलं वाचतं. पावसाळ्यात नाव ओढून घेतली की बुडाला चिकटलेले शिंपले खरवडावेच लागतात, आणि खरवडून पुन्हा पाण्यात घातलेल्या नावेला पुढच्या वर्षी तेच करावं लागतं. दाताच्या मुळाचंही असंच आहे. एकदा केलं आणि संपलं, असं यात काही नाही.

खरवडण्यालाही सीमा आहे. १९८२ मध्ये यान लिंड आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की पॉकेट २.९ मिलिमीटरहून उथळ असेल तर मूळ खरवडल्याने फायद्याऐवजी आधार थोडा तुटतोच. शस्त्रक्रियेसाठी हाच आकडा ४.२ निघाला. निरोगी जागी सरसकट खोल सफाई करू नये, आणि मध्यम खोलीच्या जागी चाकू तर नकोच. आज युरोपीय पेरिओडोन्टॉलॉजी महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना याच पायावर उभ्या आहेत. त्यांची पहिली पायरी घासण्याची सवय, तंबाखू, मधुमेह आणि वरवरची सफाई. दुसरी पायरी हिरडीखालची सफाई. मग साधारण तीन महिने थांबून पुन्हा सगळं मोजायचं. चाकूचा विचार तिसऱ्या पायरीवर होतो, तोही सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल उरलेल्या जागांपुरता.

खुर्चीत बसलेल्या माणसाला यातलं काय जाणवतं? हिरडीखाली काम करायचं तर बधिर करायची सुई बहुतेक वेळा लागते. मग सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक वेळा थरथरणारं अल्ट्रासॉनिक टोक पाण्याच्या फवाऱ्यासह मुळावरून फिरतं. त्यानंतर बारीक वळणाच्या ग्रेसी क्युरेट, म्हणजे हाताने खरवडायची हत्यारं, येतात. मिशिगनच्या क्लेटन ग्रेसी यांनी दाताच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या वळणाच्या क्युरेट घडवल्या, आणि आजही दंतवैद्य त्यांच्याच नावाने त्या ओळखतात. दंतवैद्याला आतलं दिसत नाही, बोटांनी ऐकावं लागतं. किटणावर हत्यार खरखरतं, स्वच्छ मुळावरून काचेसारखं सरकतं. एकेका दातावर मिनिटांमागून मिनिटं जातात. वीस मिनिटांत सगळं तोंड चकाचक झालं, तर हिरडीखाली कोणी उतरलंच नाही असं खुशाल समजावं.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी होतात आणि त्यांनीच माणसं घाबरतात. थंड पाणी झोंबतं, आणि दातांमध्ये फटी दिसू लागतात. सफाई केल्याने दात सैल होतात हा समज किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहे. तो इथूनच आला. किटणाच्या वेढ्याने आणि सुजलेल्या हिरडीने फट बुजलेली होती, ती उघडी पडली एवढंच. दात आधीच सैल होता, किटणाने तो आवळून धरल्यासारखा वाटत होता. पुढे बऱ्याचदा सूज गेल्यावर तोच दात थोडा घट्ट होतो. हे सफाईच्या आधी सांगितलं नाही तर रुग्ण परत येत नाही, आणि परत न आलेल्या रुग्णाचा उपचार अर्ध्यावरच तुटतो.

जाहिरातींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चाकूशिवाय लेझरने पायरिया कायमचा बरा, अशा पाट्या आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. हिरडीखालच्या सफाईला लेझरची जोड द्यावी अशी शिफारस २०२० च्या त्या मार्गदर्शक सूचनांत नाही. फायद्याचे पुरावे पुरेसे नाहीत. सगळ्यांना सरसकट प्रतिजैविकांच्या गोळ्या द्यायलाही त्या नाही म्हणतात. गोळीने सूज तात्पुरती उतरते, किटण मुळावर तसंच राहतं, आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात ते वेगळंच. क्लोरहेक्सिडीनची चूळ सफाईनंतर थोडे दिवस उपयोगी आहे. महिनोनमहिने घेतली तर दातांवर तपकिरी डाग पडतात. मीठ, तुरटी, लवंगेचं तेल यांनी घडीभर बरं वाटतं. हिरडीखालच्या पाच मिलिमीटरवरच्या किटणाला त्यांचा धक्काही लागत नाही. कोणत्याही मंजनाचा लागत नाही.

रोज घरी करायचं काम त्यामानाने स्वस्त आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरायचा आणि जोर न लावता दोन मिनिटं फिरवायचा. दातांमध्ये फटी असतील तर तिथे छोटा गोल ब्रश, इंटरडेंटल ब्रश, फटीच्या मापाचा घेऊन रोज एकदा. हिरडीचा आजार बहुतेक दोन दातांच्या मध्ये सुरू होतो आणि साधा ब्रश तिथे पोचतच नाही. म्हणून ज्यांच्या हिरड्या मागे सरल्या आहेत, त्यांच्यासाठी महागड्या पेस्टपेक्षा हा ब्रश मोलाचा.

मशेरी सोडणं याहून कितीतरी अवघड. तीस-चाळीस वर्षांची सवय आहे, ती नुसत्या धाकाने जाणार नाही, आणि त्या बाईला नुसतं रागावणं हे आपलं काम नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा फुकटचा क्रमांक आहे, आणि तिचं एक प्रादेशिक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. निकोटिनची गोळी किंवा पट्टी दिली तर पहिले आठवडे सुसह्य होतात. शिवाय सोडताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. तंबाखू सोडल्यावर काही दिवस हिरडीतून रक्त जास्त आल्यासारखं वाटू शकतं. आकसलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत होतात आणि आतापर्यंत दबलेली सूज दिसू लागते. हे कोणी आधी सांगितलं नाही, तर मशेरी होती तेव्हा हिरडी बरी होती, असा निष्कर्ष घरातल्या घरातच निघतो.

श्रीवर्धन-दिवेआगरकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सुपारी. श्रीवर्धनची रोठा सुपारी हा तिथल्या वाड्यांचा अभिमान. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा किती घरांचा आधार गेला हे तिथल्या माणसांनाच विचारावं. झाडाशी या लेखाचं भांडण नाही. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला २००४ पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे, आणि ते तंबाखूशिवायच्या सुपारीबद्दलही खरं आहे. सतत सुपारी चघळणाऱ्यांत गालाची आतली त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं. त्या तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत क्युरेट न्यायची कशी? किनाऱ्यावर हिरडीचा उपचार अडतो तो असा, अगदी शब्दशः दाराशी.

मधुमेहाशी या आजाराचं नातं दुहेरी आहे. मधुमेह असला की हिरड्यांचा आजार होण्याचा धोका साधारण दुप्पट-तिप्पट, आणि हिरडीतली सततची सूज साखर ताब्यात यायला अडथळा करते. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं दीर्घ मुदतीचं मोजमाप, सरासरी ०.४३ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं, सहा महिन्यांनी ०.३०. एखाद्या जादा गोळीने मिळावा एवढा हा फायदा, आणि त्यासाठी शरीरात नवं औषध जात नाही. गावागावांत तिशीवरच्या सगळ्यांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. आशाताई तंबाखूबद्दल विचारतात, न भरणाऱ्या जखमेबद्दल विचारतात, बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं जातं. त्याच उजेडात हिरड्याही पाहता येतील. रक्त येतं का, किटण किती, दात हलतो का, एवढंच लिहून घेतलं आणि साखर वाढलेल्या बाईला दंतवैद्याकडे पाठवलं, तरी मोठा फरक पडेल. यासाठी वेगळी इमारत बांधावी लागत नाही.

अडचण आहे ती अंतराची. मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाला हिरड्यांच्या विशेषज्ञाकडे जायचं तर कामोठ्याचं दंत महाविद्यालय किंवा मुंबईतली नायर आणि सरकारी दंत रुग्णालयं. एक अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी यात जाते. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. पहिल्या खेपेला माणूस जातोही, कारण ठणका असतो. हिरडी बरी वाटू लागली की दुसऱ्या खेपेला कोण जाणार? चाकूशिवायच्या उपचारात मात्र दुसरी खेप, तिसरी, चौथी हाच उपचार असतो. आजाराचा इतिहास असलेल्यांना सहसा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाई लागते, आयुष्यभर. म्हणून हे काम तालुक्यापर्यंत आलं पाहिजे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्ट या प्रशिक्षित पदाला जागा दिली. पण असे हायजिनिस्ट आपल्या सरकारी यंत्रणेत दिसतात कुठे? माल्मोच्या अभ्यासाने चाळीस वर्षांपूर्वी दाखवलं, की हिरडीखालची सफाई त्यांच्या हातून उत्तम होते. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात हे पद भरणं ही रायगडच्या किनाऱ्यासाठी लेझरच्या दहा यंत्रांपेक्षा गरजेची गोष्ट आहे.

वेळापत्रक तर दर्यानेच आखून दिलं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नावा किनाऱ्यावर, माणसं घरी. हिरडीची खोली जूनमध्ये मोजून घ्यावी, घासायला शिकावं आणि जुलैअखेरपर्यंत मुळांची सफाई आटपावी. १ ऑगस्ट हा देशात मौखिक स्वच्छता दिन म्हणून पाळतात. भारतीय पेरिओडोन्टॉलॉजी संघटनेचे संस्थापक डॉ. जी. बी. शंकवाळकर यांचा तो जन्मदिन. कोळीवाड्यात ती तारीख बंदी उठण्याची, नावा पाण्यात जाण्याची. तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, पुन्हा तोच प्रोब आणि तेच १९२ आकडे.

तेव्हा बहुतेक जागा चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरतील आणि तिथून रक्त येणार नाही. तिथे आता काही करायचं नाही. चार-पाच मिलिमीटरच्या जागी अजून रक्त येत असेल तर तेवढ्याच जागा पुन्हा खरवडायच्या. सहा आणि त्यापुढे उरलेल्या जागा बहुधा मागच्या दाढांना असतील, विशेषतः वरच्या दाढांच्या तीन मुळांच्या बेचक्यात, जिथे कोणतीही क्युरेट नीट शिरत नाही. तिथे फ्लॅप उघडून सफाई करणं प्रामाणिक उपचार आहे आणि त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त ज्याच्या तोंडात रोज नवा थर साचतो आणि मशेरीची डबी अजून चालू आहे, त्याची शस्त्रक्रिया करू नये. तिथली हिरडी पुन्हा सुटते. अशा माणसाला टाक्यांऐवजी जानेवारीची तारीख द्यावी, आणि त्या दिवशी तो आला नाही तर घरी निरोप धाडावा.